रोग्याची साक्ष

वैद्य आणि रोगी यांचा संबंध मोठा विलक्षण आहे. रोगी आपला देह, आपली लाज, आपली गुपिते आणि कित्येकदा आपला प्राणही एका परक्या माणसाच्या हवाली करतो. आणि तसे करताना त्या माणसाची पारख करण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नसते. एका सोनाराने घडविलेला दागिना दुसऱ्या सोनाराला दाखविता येतो. एका न्यायालयात हरलेला दावा वरच्या न्यायालयात पुन्हा मांडता येतो. परंतु बंद दाराआड झालेल्या उपचाराला साक्षीदार बहुधा दोनच असतात : एक तो उपचार करणारा आणि दुसरा तो सोसणारा. पहिल्याच्या शब्दाला विद्येचे वजन असते. दुसऱ्याचा शब्द दुखणाइताची कुरकुर म्हणून सोडून देण्यात येतो, आणि तो दगावला तर तेवढाही शब्द मागे उरत नाही. म्हणूनच, रोग्याला वैद्याकडून आलेला अनुभव चारचौघांत उघडपणे सांगावा काय, सांगावा तर कोणी आणि कोणत्या मर्यादेने, हा प्रश्न मानवी समाजापुढे फार जुन्या काळापासून उभा आहे.

आपल्याकडील प्राचीन ग्रंथकारांना हा प्रश्न ठाऊक होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील चौथ्या अधिकरणात वैद्यांसंबंधी एक मार्मिक नियम आहे. प्राणास अपाय होण्याजोगे दुखणे असता, त्याची वर्दी न देताच वैद्याने उपचार आरंभिला आणि रोगी दगावला, तर वैद्यास दंड. आणि उपचारातील चुकीमुळे मृत्यू ओढवला, तर त्याहून मोठा दंड. या नियमात उपचाराच्या कौशल्याइतकेच महत्त्व वर्दी देण्याला, म्हणजे गोष्ट उघड करण्याला आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. चरकसंहितेनेही सूत्रस्थानात वैद्यांचे दोन वर्ग केले आहेत : प्राणांची पाठराखण करणारे ते प्राणाभिसर, आणि रोगाची पाठराखण करणारे ते रोगाभिसर. दुसऱ्या प्रकारचे हे वैद्य कोणी आजारी पडल्याचे ऐकताच धावत जाऊन आत्मस्तुती कशी करतात, आणि उपाय फसला म्हणजे सारा दोष रोग्यावर व त्याच्या शुश्रूषेवर कसा ढकलतात, याचे चरकाने केलेले वर्णन आजही जुने वाटत नाही.

पाश्चात्त्य जगातही या प्रश्नाची दोन जुनी आणि परस्परविरुद्ध उत्तरे सापडतात. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की, बाबिलोनचे लोक वैद्य बाळगीत नसत; ते आपला रोगी बाजारात आणून ठेवीत. येणाऱ्या-जाणाऱ्याने त्याची विचारपूस करावी, स्वतःला किंवा आपल्या परिचितास तसले दुखणे झाले असेल तर कशाने गुण आला ते सांगावे, आणि रोग्याला न विचारता मुकाट्याने पुढे जाऊ नये, अशी तेथील चाल होती. हकीकत कितपत अक्षरशः खरी आहे हा प्रश्न वेगळा. पण आजाराचा अनुभव ही सर्वांच्या मालकीची ठेव आहे, ही कल्पना तीत स्पष्ट दिसते. दुसरे उत्तर ग्रीस देशातील एपिडॉरस येथील अस्क्लेपिऑस या आरोग्यदेवतेच्या मंदिराचे. तेथे रोगी रात्री देवळात निजत, स्वप्नात देवाचे दर्शन घेत आणि बरे होऊन घरी जात. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अशा रोग्यांच्या हकीकती तेथे शिलांवर कोरण्यात आल्या. त्यांपैकी सुमारे सत्तर आज उपलब्ध आहेत. रोग्याचे नाव, त्याचे गाव, त्याचे दुखणे, सारे काही बहुधा तेथे आहे. नाही ते एवढेच, की निराश होऊन परतलेल्या माणसाची हकीकत त्या शिलांवर नाही. आपल्याकडच्या जुन्या वर्तमानपत्रांत रामबाण औषधांच्या जाहिरातींखाली प्रशंसापत्रांच्या रांगा छापून येत, त्यांचे मूळपुरुष म्हणजे या शिला होत. गुण आलेला रोगी बोलतो. गुण न आलेल्याला कोणी विचारीत नाही.

हे मौन आधुनिक काळात प्रथम मोठ्या आवाजात मोडले ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, लंडन शहरात. आणि ते मोडणारा मनुष्य स्वतः एक वैद्यच होता. त्याचे नाव टॉमस वॅक्ली.

वॅक्ली हा डेव्हन परगण्यातील एका शेतकऱ्याचा मुलगा. त्याचा जन्म १७९५ सालचा. लंडनला येऊन त्याने शल्यविद्येचे शिक्षण घेतले. त्या वेळी त्या शहरातील मोठमोठी रुग्णालये धर्मादाय होती. धनिकांच्या देणग्यांवर ती चालत आणि गोरगरिबांवर तेथे फुकट उपचार होत. ज्यांना ऐपत असे ते आपल्या घरीच वैद्याला बोलावीत. रुग्णालयातील शल्यवैद्यांची खरी प्राप्ती खासगी रोग्यांपासून आणि शिष्यांनी दिलेल्या भरभक्कम शुल्कांतून होई. साहजिकच रुग्णालयातील जागा म्हणजे वतनच होऊन बसली होती. चुलत्याने पुतण्याला, गुरूने जावयाला, धन्याने आपल्या उमेदवाराला ती मिळवून द्यावी, असा प्रघात पडला होता. तेथे काय चालते हे बाहेरच्यांना कळण्याचा मार्ग नव्हता. विद्यार्थ्यांना दिसे, पण विद्यार्थ्यांना पुढे याच मंडळींच्या हातून प्रमाणपत्र घ्यावयाचे असे.

५ ऑक्टोबर १८२३ रोजी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, वॅक्लीने 'लॅन्सेट' नावाचे साप्ताहिक सुरू केले. लॅन्सेट म्हणजे गळू फोडण्याचे धारदार पाते. नाव सार्थ होते. पहिल्याच अंकापासून त्याने सर ॲस्टली कूपर या त्या काळच्या सर्वांत नामांकित शल्यवैद्याची व्याख्याने छापण्यास आरंभ केला. जे ज्ञान मोजक्या विद्यार्थ्यांना भारी शुल्क घेऊन दिले जाई, ते आता चार पैसे टाकून कोणासही मिळू लागले. सर ॲस्टलीने या गोष्टीला, आपले नाव छापू नये एवढ्या अटीवर, संमती दिली. जॉन ॲबर्नेथी या दुसऱ्या प्रसिद्ध गुरूने मात्र न्यायालयाची पायरी चढून १८२५ साली आपल्या व्याख्यानांच्या प्रसिद्धीविरुद्ध मनाई मिळविली. परंतु व्याख्यानांवरून झालेला हा कलह किरकोळ वाटावा असे काम वॅक्लीने पाठोपाठ हाती घेतले. रुग्णालयांतील शस्त्रक्रियांचे वृत्तान्त, शल्यवैद्याच्या नावासकट, तो छापू लागला. शस्त्रक्रिया कोणी केली, किती वेळ लागला, काय चुकले, रोगी वाचला की दगावला, हे सारे दर आठवड्याला लोकांपुढे येऊ लागले. त्याचा युक्तिवाद साधा होता. रुग्णालये लोकांच्या पैशांवर चालतात. तेव्हा तेथे लोकांचे काय होते, हे कळण्याचा लोकांना हक्क आहे.

मार्च १८२८ मध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये स्टीफन पोलार्ड नावाच्या माणसावर मुतखड्याची शस्त्रक्रिया झाली. पोलार्ड हा ससेक्स परगण्यातील त्रेपन्न वर्षांचा एक मजूर होता. शस्त्रक्रिया करणारा शल्यवैद्य होता ब्रॅन्सबी कूपर, म्हणजे सर ॲस्टलींचा पुतण्या. त्या काळी भूल देण्याचा शोध लागला नव्हता. रोग्याचे हातपाय बांधून, त्याला मेजावर आवळून, शुद्धीवर असतानाच मूत्राशयापर्यंत छेद घ्यावा लागे. म्हणूनच शल्यवैद्याची सारी कीर्ती त्याच्या हाताच्या चपळाईवर अवलंबून असे. शंभर वर्षांपूर्वी चेझल्डेन नावाच्या शल्यवैद्याने हीच शस्त्रक्रिया एका मिनिटाच्या आत उरकल्याची ख्याती होती. सामान्य कुशल शल्यवैद्यालाही ती काही मिनिटांत पुरी करता येई. पोलार्ड त्या मेजावर जवळजवळ एक तास होता.

प्रेक्षागृह विद्यार्थ्यांनी व शल्यवैद्यांनी भरलेले होते. कूपरने छेद घेतला, पण खडा हाती लागेना. एकामागून एक हत्यारे घालून झाली, बोटे घालून झाली. अडचण कशात आहे तेच आपल्याला उमगत नाही, असे शल्यवैद्य सर्वांदेखत बोलू लागला. कोणाचे बोट आपल्या बोटाहून लांब आहे काय, अशीही विचारणा झाली. अखेर खडा निघाला तो घेवड्याच्या दाण्याएवढा. पोलार्ड दुसऱ्या दिवशी मरण पावला.

प्रेक्षकांत जेम्स लँबर्ट नावाचा 'लॅन्सेट'चा वार्ताहर होता. २९ मार्चच्या अंकात त्याचा वृत्तान्त आला आणि लंडनमध्ये एकच खळबळ उडाली. लँबर्टने तो एखाद्या शोकान्त नाटकासारखा, पात्रे आणि संवाद मांडून लिहिला होता. वृत्तान्ताचा रोखही उघड होता : हा गृहस्थ शल्यवैद्य झाला तो हाताच्या गुणाने नव्हे, नात्याच्या गुणाने. ब्रॅन्सबी कूपरने वॅक्लीवर अब्रुनुकसानीचा दावा लावून दोन हजार पौंडांची मागणी केली.

हा खटला १२ व १३ डिसेंबर १८२८ रोजी लॉर्ड टेंटर्डन या न्यायाधीशापुढे चालला. कूपरच्या बाजूने सर जेम्स स्कार्लेट हा नामांकित कायदेपंडित उभा होता. वॅक्लीने आपली बाजू स्वतःच मांडली. छापलेले सारे सत्य आहे, हाच त्याचा बचाव. मग साक्षी सुरू झाल्या. प्रत्यक्ष हजर असलेल्यांपैकी काहींनी गोंधळ झाल्याचे सांगितले, तर काहींनी रोग्याच्या शरीराची घडणच अवघड होती असे सांगितले. पाठोपाठ लंडनमधील मोठमोठे शल्यवैद्य साक्षीला आले. त्यांतील कित्येक त्या दिवशी तेथे हजरही नव्हते. पण कूपर हा कुशल शल्यवैद्य आहे, असे त्यांनी शपथेवर सांगितले. स्वतः सर ॲस्टलींनी पुतण्याची तरफदारी केली.

शेवटी पंचांनी निकाल दिला तो कूपरच्या बाजूने. पण नुकसानभरपाई ठरविली ती शंभर पौंडांची. मागणी दोन हजारांची असता शंभर देण्याचा अर्थ लंडनच्या लोकांना बरोबर समजला. वॅक्लीच्या खर्चासाठी वर्गणी जमली. ब्रॅन्सबी कूपर पुढेही गाइज हॉस्पिटलमध्ये शल्यवैद्य राहिला, चुलत्याचे चरित्र लिहून १८४३ साली त्याने प्रसिद्ध केले, आणि १८५३ साली वारला. इतिहासाने मात्र त्याचे नाव या एका तासापुरतेच लक्षात ठेवले.

या निकालाचा विचार करू लागले म्हणजे वाटते की, शंभर पौंडांची ती रक्कम पंचांनी मोठ्या शहाणपणाने ठरविली. लँबर्टच्या वृत्तान्तात दोन वस्तू एकत्र मिसळल्या होत्या. एक होती हकीकत : वेळ, हत्यारे, शब्द, मृत्यू. ती बव्हंशी टिकली. दुसरी होती थट्टा. आणि शंभर पौंड पडले ते बहुधा या थट्टेपायी. रोग्याच्या यातनांचे नाटक करून सांगितले की वाचकाला ते चटकदार वाटते, पण न्यायासनापुढे त्या नाटकानेच हकीकतीचे वजन कमी होते. ज्याला खरे सांगावयाचे आहे त्याने ते तिखटमीठ लावून सांगू नये, हा व्यवहारातला साधा नियम तेथेही लागू पडला.

परंतु त्या वृत्तान्तात याहूनही महत्त्वाची अशी एक गोष्ट आहे. त्या तासाभरात पोलार्ड विनवणी करीत होता : राहू द्या, तो खडा आतच राहू द्या, अशा अर्थाचे त्याचे शब्द लँबर्टने टिपून ठेवले आहेत. दोन दिवस चाललेल्या त्या खटल्यात शल्यवैद्याच्या अब्रूवर, चुलत्याच्या प्रतिष्ठेवर आणि संपादकाच्या हेतूवर तासन्‌तास वादविवाद झाला. ज्याच्यासाठी हे सारे घडले, तो मनुष्य नऊ महिन्यांपूर्वीच मातीआड झालेला होता. त्याची स्वतःची साक्ष म्हणून जगापाशी उरली ती ही एवढीच विनवणी. आणि तीही कोणी उतरून घेतली म्हणून. थट्टेखोर लँबर्टचे हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

त्याच काळात, सुशिक्षित आणि लेखणी चालविणाऱ्या रोग्याचे काय होत असे, याचेही एक उदाहरण आहे. फॅनी बर्नी ही इंग्रज कादंबरीकर्त्री पॅरिसमध्ये राहत असताना ३० सप्टेंबर १८११ रोजी तिच्यावर स्तनाची शस्त्रक्रिया झाली. शल्यवैद्य होता नेपोलियनच्या सैन्याचा सुप्रसिद्ध लारे. तिने सारा अनुभव आपल्या बहिणीला पत्रातून कळविला. पण ते लिहून पुरे करावयास तिला कित्येक महिने लागले, कारण आठवणीनेच हात थांबत असे. ती जगली, लारेचा हात कुशल आणि मन दयाळू होते. तरीही ते पत्र तिच्या हयातीत घराबाहेर गेले नाही. श्रीमंताचे दुखणे लाजेने झाकले जाई, गरिबाचे दुखणे गणतीतच नसे. दोन्हींचा परिणाम एकच.

वॅक्ली खटल्यानंतर गप्प बसला नाही. १८३५ साली तो पार्लमेंटात निवडून आला आणि १८३९ साली मिडलसेक्सच्या पश्चिम भागाचा कॉरोनर, म्हणजे संशयित मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी झाला. १८४६ साली हाउन्सलो येथील घोडदळातील एक शिपाई, दीडशे फटक्यांची शिक्षा भोगल्यावर काही आठवड्यांनी मरण पावला. मृत्यू नैसर्गिक आजाराने झाला, असा निर्वाळा लष्करी वैद्यांनी दिला होता. वॅक्लीने फिरून तपासणी करविली आणि पंचांनी मृत्यूचे कारण फटके हेच ठरविले. त्याच वर्षी लष्करातील फटक्यांची कमाल मर्यादा पन्नासावर आणण्यात आली. वैद्याचे प्रमाणपत्र हा शेवटचा शब्द नव्हे. मेलेल्या माणसाच्या वतीनेही कोणी प्रश्न विचारू शकतो, हे यावरून सिद्ध झाले.

येथपर्यंतची कथा वैद्याविरुद्ध बाहेरून उठलेल्या आवाजाची झाली. वैद्यानेच स्वतःच्या रोग्यांची हकीकत उघड करावयाची ठरविले तर काय होते, याची कथा अमेरिकेतील बॉस्टन शहरातली आहे. याच शहरातील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १६ ऑक्टोबर १८४६ रोजी ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया केल्याचा पहिला जाहीर प्रयोग झाला, आणि पोलार्डसारख्यांच्या किंकाळ्या थांबण्याची आशा जगाला वाटू लागली. पुढे अर्धशतक लोटल्यावर त्याच रुग्णालयात अर्नेस्ट कॉडमन नावाचा शल्यवैद्य काम करू लागला. त्याचे म्हणणे असे की, शस्त्रक्रिया यशस्वी झाली हे टाके काढतेवेळी ठरत नाही. प्रत्येक रोग्याला वर्षभराने पुन्हा गाठावे, गुण आला की नाही ते विचारावे, आला नसेल तर का नाही ते नोंदवावे, आणि ही नोंद लोकांसमोर ठेवावी. शल्यवैद्यांच्या बढत्या वयोमानाप्रमाणे न होता या नोंदींप्रमाणे व्हाव्यात, असाही त्याचा आग्रह होता. वरिष्ठांना ते मानवण्यासारखे नव्हतेच.

कॉडमनने १९११ साली स्वतःचे लहानसे रुग्णालय काढले. १९१६ पर्यंत तेथून ३३७ रोगी बाहेर पडले, आणि त्यांच्या उपचारांत झालेल्या १२३ चुका त्याने स्वतःच शोधून, वर्गवारी करून, पदरचे पैसे खर्चून छापल्या. जानेवारी १९१५ मध्ये बॉस्टनच्या वैद्यांच्या सभेत त्याने एक भलेमोठे व्यंगचित्र उघडले : एक शहामृग वाळूत डोके खुपसून सोन्याची अंडी मागे ढकलीत आहे, आणि मोठमोठे प्राध्यापक ती वेचीत आहेत. शहामृग म्हणजे श्रीमंत रोगी. सभेत गोंधळ माजला; कॉडमनला अध्यक्षपद सोडावे लागले; मित्रही दुरावले. येथेही वॅक्लीच्या वार्ताहराचा तोच दोष पुन्हा दिसतो. १२३ चुकांची यादी कोणाला खोडता आली नसती. शहामृगावर मात्र सर्वांना रागावता आले.

कॉडमनच्या विचाराला पुढे थोडेफार यश आले. अमेरिकेतील शल्यवैद्यांच्या महाविद्यालयाने रुग्णालयांसाठी किमान कसोट्या ठरवून मोठ्या रुग्णालयांची पाहणी केली. १९१९ साली निष्कर्ष हाती आले. शंभर किंवा अधिक खाटांची ६९२ रुग्णालये तपासली होती; त्यांपैकी कसोटीला उतरली केवळ ८९. नापास झालेल्यांत देशातील काही नावाजलेली रुग्णालये होती. तेव्हा ही यादी वर्तमानपत्रांच्या हाती पडू नये म्हणून न्यूयॉर्कमधील एका आलिशान हॉटेलच्या भट्टीत ती रातोरात जाळून टाकण्यात आली. एपिडॉरसच्या पुजाऱ्यांनी निराश रोग्यांची नावे कोरलीच नाहीत. विसाव्या शतकातील विद्वानांनी ती लिहून काढली आणि मग जाळली. कॉडमन १९४० साली वारला. त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो २०१४ साली.

आपल्या महाराष्ट्रातही या प्रश्नाने फार कठीण रूप धारण केले होते. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला आणि लवकरच पुण्यात पसरला. घरे झडणे, माणसांना उचलून इस्पितळात वा विलगीकरणाच्या छावणीत नेणे, हे सारे सक्तीने आणि गोऱ्या शिपायांकरवी सुरू झाले. त्या इस्पितळात आपल्या माणसाचे काय होते हे कळण्याचा मार्ग नातलगांना नव्हता. पंडिता रमाबाईंनी मे १८९७ मध्ये मुंबईच्या 'बॉम्बे गार्डियन' पत्रात लिहून, पुण्याच्या प्लेग-इस्पितळातील व्यवस्थेविरुद्ध आणि आपल्या आश्रयाच्या एका मुलीच्या तेथील हालाविरुद्ध जाहीर तक्रार केली. सरकारने ती नाकारली. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या खासगी पत्रांच्या आधाराने त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन' या पत्रात प्लेगच्या शिपायांवर स्त्रियांच्या विटंबनेचा आरोप केला. मायदेशी परतल्यावर पत्रलेखक पुरावा द्यावयास पुढे येईनात. आणि ऑगस्ट १८९७ मध्ये गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. त्या माफीबद्दल स्वकीयांनी त्यांना फार बोल लावला. पण हा प्रसंग केवळ राजकारणाचा मानू नये. ज्यांनी सोसले त्यांना नाव सांगण्याची भीती, ज्याने ऐकले त्याला सांगितल्यावाचून राहवत नाही, आणि ज्याच्यावर आरोप त्याच्या हाती सत्ता, या तिहींच्या कात्रीत सत्य कसे सापडते, याचा तो धडा आहे. पुण्यातले सारे हाल खोटे होते, असे त्या माफीने मुळीच ठरले नाही. साक्षीदार उभा राहू शकला नाही, एवढेच ठरले.

साक्षीदार उभा राहिल्याचे उदाहरणही मराठी मुलखातलेच आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत येथील समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाचे मांडीचे हाड मोडले. त्याला दूरचा प्रवास करून पुण्याच्या एका रुग्णालयात नेण्यात आले आणि त्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला. पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसविले, त्या धक्क्याने मुलगा गेला, असे पित्याचे म्हणणे होते. तो पिता स्वतः डॉक्टर होता, म्हणून काय पाहावे आणि काय नोंदवावे हे त्याला समजत होते. दावा खालच्या न्यायालयातून मुंबईच्या उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६८ साली अखेरचा निकाल पित्याच्या बाजूने लागला. भरपाई होती तीन हजार रुपये. रक्कम पाहिली तर नगण्य. पण वैद्याने रोग्याच्या बाबतीत कोणती काळजी घेतलीच पाहिजे, हे त्या निकालात नमूद झाले आणि पुढील अनेक निकालांना त्याचा आधार मिळाला. पंधरा वर्षे न थकता साक्ष देत राहिलेल्या एका बापाचे हे फळ होय. मात्र मनात येते की, तो बाप डॉक्टर नसून किनाऱ्यावरचा एखादा कोळी असता तर?

या प्रश्नाला कायद्याने काहीसे उत्तर दिले आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली वैद्यकीय सेवा येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी दिला, आणि सामान्य माणसाला थोड्या खर्चात गाऱ्हाणे मांडण्याची वाट मोकळी झाली. परंतु त्याच निर्णयात एक मर्यादाही सांगितली आहे. जेथे सर्वांवरच विनामूल्य उपचार होतात, ते रुग्णालय या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. म्हणजे ज्याने पैसे मोजले तो ग्राहक. आणि ज्याच्यापाशी मोजावयास काहीच नव्हते, त्याने दिवाणी न्यायालयाची जुनी, लांबची वाट धरावयाची. धर्मादाय रुग्णालयात फुकट उपचार घेणारा स्टीफन पोलार्ड आज आपल्याकडे असता, तर बहुधा त्याला याच दारावरून परतावे लागले असते.

उघडपणे बोलणाऱ्याच्या बाबतीत कायद्याची भूमिका अशीच समतोल आहे. १८६० च्या दंडसंहितेतील ४९९ व्या कलमाने अब्रुनुकसानीच्या गुन्ह्याला पहिला अपवाद सांगितला, तो असा की, सांगितलेली गोष्ट सत्य असली पाहिजे आणि ती सांगणे लोकहिताचे असले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही हा अपवाद कायम आहे. नुसते लोकहित पुरत नाही आणि नुसते सत्यही पुरत नाही. लँबर्टच्या लेखणीला आणि कॉडमनच्या कुंचल्याला ही दुहेरी कसोटी लावून पाहिली, म्हणजे त्यांचे काय चुकले आणि काय बरोबर होते, ते आपोआप वेगळे होते.

वैद्यवर्गाची बाजूही येथे विसरता कामा नये. रोगी दगावला म्हणजे वैद्य चुकलाच, असे नसते. शोकाने भरलेल्या मनाला कोणीतरी अपराधी हवा असतो. आणि ज्या वैद्याला पदोपदी बदनामीची धास्ती वाटते तो अवघड रोगी हाती घेण्याचे टाळू लागतो. यात शेवटी नुकसान होते ते रोग्याचेच. शिवाय रोग्याचे गुपित राखण्यास वैद्य बांधलेला असल्यामुळे, जाहीर आरोपाला त्याने जाहीर उत्तर देणेही कठीण असते. म्हणून रोग्याने सांगावे हे खरे. पण पाहिले तेवढे सांगावे, दिवस आणि वेळ सांगावी, ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच सांगावी, आणि बरे झाल्याचेही तितक्याच मोकळेपणाने सांगावे. आणि वैद्याने? त्याने कॉडमनसारखी स्वतःच्या चुकांची वही ठेवावी. ज्या रुग्णालयात ही वही प्रामाणिकपणे लिहिली जाते, तेथे लँबर्टची गरज फारशी पडत नाही.

अर्थशास्त्रातील त्या जुन्या नियमाने वैद्यावर पहिले कर्तव्य लादले ते वर्दी देण्याचे. दोन हजार वर्षांच्या घडामोडींनंतरही त्यात बदल करण्यासारखे फारसे काही आढळत नाही. पडलीच तर भर एवढीच, की ही वर्दी देण्याचा अधिकार मेजावर बांधलेल्या माणसालाही आहे. आणि तो देत असेल तेव्हा कोणीतरी ती लक्षपूर्वक ऐकून, जशीच्या तशी, उतरून घेतली पाहिजे.